पेटी गावात, परवानगी कुठे?

कोविडची लस टोचून घेतल्यावर प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवत होते, आठवतंय ना? १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं. तेव्हापासून शहरातल्या मोठ्या रुग्णालयापासून झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यापर्यंत सगळीकडे हाच नियम. बायका वैतागायच्या. "सिस्टर, घरी चूल थांबलीय, जाऊ द्या ना!" पण सिस्टर काही हलू द्यायच्या नाहीत. त्या अर्ध्या तासाचं कारण त्यांच्या टेबलावरच्या एका छोट्याशा पेटीत होतं. आपल्यापैकी किती जणींनी त्या पेटीत डोकावून पाहिलं असेल?

त्या पेटीत असतात अ‍ॅड्रेनलिन नावाच्या औषधाच्या काचेच्या कुप्या, सिरिंज, सुया, कापसाचे बोळे, कोणत्या वयाला किती औषध द्यायचं याचा तक्ता आणि डॉक्टर व अ‍ॅम्ब्युलन्सचे फोन नंबर. आपल्या बाळांना गोवराची, पेंटाव्हॅलंटची लस देतात, तेव्हाही ही पेटी सोबत असावीच लागते. लाखो लशींमागे एखाद्यालाच जबरदस्त रिअ‍ॅक्शन येते. पण आली तर ती पंधरा-वीस मिनिटांत जीव घेऊ शकते. म्हणून तो अर्धा तास, आणि म्हणून ती पेटी.

आता माझा प्रश्न असा आहे. ही रिअ‍ॅक्शन काय फक्त लशीमुळेच येते? मधमाशी चावल्यावर येते, गांधीलमाशी चावल्यावर येते, पेनिसिलिनसारख्या इंजेक्शननं येते, एखाद्याला अंड्यानं, दुधानं, कोळंबीनं, शेंगदाण्यानं येते. मग त्या वेळी ही पेटी कुठे असते? आणि असली तरी ती उघडायची परवानगी कुणाला असते?

साधं पित्त आणि हे पित्त

अंगावर पित्त उठणं आपल्याला नवं नाही. आपल्या आज्यांकडे त्यावर ठरलेले उपाय. आमसुलाचं पाणी लाव, घोंगडी पांघरून झोप, मधमाशी चावली तर चुना लाव. बहुतेक वेळा पित्त बसतंही. त्यामुळे "बसेल थोड्या वेळानं" असं म्हणायची आपल्याला सवयच लागली आहे.

पण कधी कधी गोष्ट कातडीवर थांबत नाही. ओठ, जीभ, डोळे सुजतात. आवाज घोगरा होतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. पोटात मुरडा येतो, उलट्या होतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी लागत नाही. माणूस स्वतःच म्हणतो, मला काहीतरी होतंय, मी आता राहत नाही. याला डॉक्टर अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द १९०२ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिला. रिशे यांना पुढे १९१३ साली या कामासाठी नोबेल मिळालं. आणि गंमत पहा, त्याच्या एक वर्ष आधी, म्हणजे १९०१ मध्येच जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञानं अमेरिकेत अ‍ॅड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं होतं. आजाराला नाव मिळण्याआधीच औषध हाती आलं होतं म्हणायचं!

अशा वेळी शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळते, घसा सुजतो. अ‍ॅड्रेनलिन हे सगळं एकाच वेळी उलटं फिरवतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत इंजेक्शन द्यायचं, मोठ्या माणसाला अर्धा मिली, लहान मुलाला वजनाप्रमाणे कमी. फरक पडला नाही, तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देता येतं. आपल्याकडे खेड्यापाड्यांत रिअ‍ॅक्शन म्हटली की एव्हिल आणि डेक्साचं इंजेक्शन देतात. त्यानं खाज, पुरळ कमी होतं, पण बंद होत चाललेला श्वास आणि कोसळलेला रक्तदाब त्यानं वेळेत सावरत नाही. जगभरातले डॉक्टर एकमुखानं सांगतात, पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, बाकीचं सगळं त्यानंतर. आणि हे औषध काही महाग नाही. कुपी काही रुपयांना मिळते. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

दोन माश्या

नरडाणा म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गावरचं गाव. एका बाजूला धुळे, दुसऱ्या बाजूला शिरपूर. सुरत-भुसावळ रेल्वेलाइनवर स्टेशन आहे, एमआयडीसी आहे. रस्त्यावरून ट्रकांची रीघ चालू असते. बाहेरच्या माणसाला वाटेल, इथे सगळं हाताशी आहे. पण रस्ता सोडून पाच-सात किलोमीटर आत गेलं, की चित्र बदलतं. शिवारातून गावात यायलाच वीस मिनिटं जातात, तिथून पुढे गाडी शोधायची. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय महामार्गाला लागल्यावर पाऊण तासावर.

अशाच एका आतल्या गावात दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कांदा काढायला बायका गेल्या होत्या. बांधावरच्या मोठ्या वडावर आग्या मोहोळ होतं. कशानं उठलं कुणास ठाऊक, पण उठलं. बायका पदर डोक्यावर घेऊन पळाल्या. एकीला दहा-बारा माश्या चावल्या, तोंड भोपळ्यासारखं सुजलं, ताप आला, दोन दिवसांत बरी झाली. माझ्या ओळखीच्या एका वहिनीला फक्त दोन माश्या चावल्या. पाचच मिनिटांत तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ जाड झाले. "बाई, मना जीव घाबरी राह्यना," एवढं म्हणाली आणि खाली बसली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. शेकडो माश्या चावल्या तर विषानंच कुणाचाही जीव धोक्यात येतो. पण ज्याच्या शरीराला त्या विषाची अ‍ॅलर्जी आहे, त्याला एक माशीही पुरते. या वहिनीला आदल्या वर्षी एक माशी चावली होती, तेव्हाही अंगभर पित्त उठलं होतं. तिच्या सासूबाईंना ते चांगलं आठवत होतं. पण तो पुढच्या खेपेसाठीचा इशारा आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिला मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेलं. दुसरं काय करणार? पण खरं तर अशा माणसाला आडवं ठेवायला हवं, पाय थोडे उंच करायला हवेत. रक्तदाब कोसळलेला असताना उभं केलं किंवा ताठ बसवलं, तर हृदयाकडे येणारं रक्त आणखी कमी होतं. गावातलं आरोग्य उपकेंद्र वाटेतच लागलं. त्याला कुलूप होतं. त्या दिवशी सिस्टरची दुसऱ्या गावाला भेट होती. पुढे महामार्गाजवळच्या एका दवाखान्यात पोहोचले. तिथल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "किती वेळ झाला?" आणि उत्तराची वाट न पाहता मांडीत इंजेक्शन दिलं. वहिनी वाचली. आता ती त्या वडाच्या बाजूला फिरकत नाही, आणि डॉक्टरांनी दिलेला कागद कुंकवाच्या डबीशेजारी ठेवते.

नंतर मी त्या उपकेंद्राच्या सिस्टरना भेटले. मनात राग होता, खोटं कशाला सांगू? पण त्यांचं ऐकल्यावर राग कुणावर काढायचा, तेच कळेना. त्या म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे चार-पाच गावं. मी होते तिथे बाळांचं लसीकरण चालू होतं आणि पेटी माझ्यासोबतच होती." मी विचारलं, समजा तुम्ही गावातच असता, तर दिलं असतं इंजेक्शन? त्या थोड्या थांबल्या. "ट्रेनिंगमध्ये आम्हाला लसीनंतरच्या रिअ‍ॅक्शनसाठी शिकवलंय. एक डोस द्यायचा आणि पुढे पाठवायचं. मधमाशी चावलेल्या बाईला मी दिलं असतं आणि तिला काही झालं असतं, तर मला कुणी विचारलं असतं, तुला कुणी सांगितलं होतं? काय उत्तर देऊ मी?"

सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. औषध गावात आहे. ते कसं द्यायचं हे जिला येतं, ती बाईही गावात आहे. पण कागदावरची परवानगी लसीपुरती आहे.

परदेशात कायदा कसा झाला?

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये अ‍ॅलर्जी असलेली माणसं खिशात पेनसारखं एक इंजेक्शन बाळगतात. त्याला ऑटो-इंजेक्टर म्हणतात. एपिपेन हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. सैनिकांना विषारी वायूवरचा उतारा स्वतःच टोचून घेता यावा, म्हणून बनवलेल्या उपकरणापासून ते तयार झालं आणि १९८७ पासून अमेरिकेत मिळू लागलं. टोपी काढायची, मांडीवर दाबायचं. आतली स्प्रिंग सुई पुढे ढकलते आणि मोजलेलं औषध आत जातं. कुपी फोडा, सिरिंज भरा, मोजा, काही नाही. थरथरत्या हातानंही जमावं, अशी त्याची रचना.

पण नुसतं उपकरण असून भागत नाही, हे तिथेही जीव गेल्यावरच कळलं. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात २००३ साली सॅब्रिना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी शाळेत जेवताना आलेल्या रिअ‍ॅक्शननं गेली. तिचं इंजेक्शन शाळेतच होतं, पण तिच्या लॉकरमध्ये. तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि २००५ साली तिच्याच नावानं कायदा झाला, 'सॅब्रिनाज लॉ'. तो १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. प्रत्येक शाळेकडे अ‍ॅलर्जीसाठी ठरलेली योजना हवी, शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण हवं, आणि रिअ‍ॅक्शन येते आहे असं वाटलं तर कर्मचाऱ्यानं आधीची लेखी संमती नसतानाही इंजेक्शन दिलं तरी चालेल. चांगल्या हेतूनं दिलं असेल, तर त्याच्यावर दावा होणार नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात जानेवारी २०१२ मध्ये सात वर्षांची एक मुलगी शाळेत शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीनं गेली. त्याच वर्षी त्या राज्यानं शाळांनी हे इंजेक्शन ठेवावं असा कायदा केला. पुढे १३ नोव्हेंबर २०१३ ला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी देशपातळीवरच्या कायद्यावर सही केली. ज्या राज्यांतल्या शाळा इंजेक्शन ठेवतील, ते देणारी माणसं तयार करतील आणि त्यांना कायद्याचं संरक्षण देतील, त्या राज्यांना दम्यासाठीच्या सरकारी अनुदानात झुकतं माप, असं त्याचं स्वरूप. नंतर बऱ्याच राज्यांनी हॉटेलं, मैदानं, उन्हाळी शिबिरं यांनाही ही परवानगी दिली. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे इंजेक्शन विकत घेता येतं.

या कायद्यांमधली खरी गोम लक्षात घ्या. एखाद्या मुलाच्या नावानं चिठ्ठी असेल, तर त्याचं औषध त्याच्या दप्तरात असतं. पण ज्याला अ‍ॅलर्जी आहे हे कुणालाच माहीत नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी कुणाच्याही नावाचं नसलेलं, सगळ्यांसाठी ठेवलेलं औषध लागतं. आगीसाठी भिंतीवर वाळूची लाल बादली ठेवतात, ती काय कुणाच्या नावाची असते?

तिकडे सगळं छान चाललंय, असंही नाही बरं का! एपिपेनची दोन पेनांची पेटी २००७ साली सुमारे शंभर डॉलरला मिळायची, ती २०१६ पर्यंत सहाशे डॉलरवर गेली. आया रस्त्यावर आल्या, कंपनीच्या प्रमुख बाईंना अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली. औषध काही सेंटचं आणि पेन शेकडो डॉलरचं! ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे नाकात मारायच्या अ‍ॅड्रेनलिनच्या फवाऱ्यालाही मंजुरी मिळाली, म्हणजे सुईची भीतीच नको.

नातवंडांसाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या आपल्या आज्यांना या सगळ्याची झलक मिळालेली असते. शेंगदाण्याचे लाडू हौसेनं करून नेले आणि सुनेनं "आई, हे शाळेच्या डब्यात चालणार नाही हो" म्हणून बाजूला ठेवले. आज्या रुसतात. आपल्या खानदेशात भाजीत कूट, चटणीत कूट, खिचडीत दाणे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आपल्याकडे त्यांच्याइतकी दिसतही नाही. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या जिवाचा प्रश्न असतो, हे कळलं की रुसवा जातो.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे शाळेत, बसस्थानकावर, हॉटेलात हे औषध ठेवायला सांगणारा कायदा नाही. ऑटो-इंजेक्टर गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ज्यांना परवडतं ते बाहेरून मागवतात, त्याला हजारो रुपये लागतात. म्हणून काही डॉक्टर धोका असलेल्या पेशंटच्या घरच्यांना कुपी आणि इन्शुलिनची सिरिंज देऊन कसं टोचायचं ते शिकवतात. बायांनो, विचार करा. सासूबाईंना रोज सकाळी इन्शुलिन टोचणाऱ्या किती सुना आहेत आपल्यात! चौथी शिकलेल्या बाईलाही ते जमतं, कारण कुणीतरी दोनदा समोर बसून शिकवलेलं असतं. मग वर्षातून एकदाही लागणार नाही, अशी आशा करायचं हे इंजेक्शन शिकता येणार नाही?

कायदा अगदीच आडवा येतो असंही नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ सांगतो, की नोंदणी नसलेल्यानं वैद्यकी करू नये. बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट पाहिला तर ते योग्यच आहे. पण जीव जाताना मदत करणाऱ्याचा विचारही आपल्या कायद्यानं केला आहे. इंग्रजांच्या काळात, १८६० साली आलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम ९२ आता भारतीय न्याय संहितेत कलम ३० म्हणून आलं आहे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूनं केलेलं काम गुन्हा ठरत नाही, असं ते कलम म्हणतं. त्यातलं उदाहरण तर वाचण्यासारखं आहे. वाघ एका माणसाला ओढून नेतोय. दुसरा वाघावर गोळी झाडतो. ती त्या माणसालाच लागू शकते हे त्याला माहीत आहे, पण वाचवण्याचाच हेतू आहे. गोळी माणसाला लागून तो मेला, तरी झाडणाऱ्याचा गुन्हा नाही.

ऐकायला छान! पण उपकेंद्रातल्या सिस्टरनं किंवा शाळेतल्या बाईंनी इंजेक्शन हातात घ्यायचं आणि मग कोर्टात वाघाची गोष्ट सांगायची, हे कसं चालेल? त्यांना आधीच, स्पष्ट शब्दांत सांगितलेलं हवं.

असं स्पष्ट सांगणं आपल्याला जमतं, याचा पुरावा आमच्या दारातला महामार्गच आहे. पूर्वी अपघातातल्या माणसाला हात लावायला लोक घाबरायचे. पोलीस, जबाब, कोर्ट कोण मागे लावून घेणार? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. आता अपघातात सापडलेल्याला चांगल्या हेतूनं मदत करताना काही चुकलं, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. पण हे कलम आहे मोटार अपघातापुरतं. म्हणजे नरडाण्याजवळ ट्रक उलटला आणि तुम्ही ड्रायव्हरला ओढून बाहेर काढलं, तर कायदा नाव घेऊन तुमच्या बाजूनं उभा राहतो. त्याच रस्त्याच्या कडेच्या शेतात मधमाशी चावलेल्या बाईला वाचवायला गेलात, तर तुमच्यासाठी असं वेगळं कलम नाही.

भीतीही खरी आहे

एका डॉक्टरांशी बोलले, तेव्हा त्यांनी दुसरी बाजू दाखवली. अ‍ॅड्रेनलिन म्हणजे चावलं की टोच, असं औषध नाही. विंचू चावल्यावर शरीरात आधीच अ‍ॅड्रेनलिनचा पूर आलेला असतो. त्यात आणखी दिलं तर अपायच होईल. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध उपयोगी पडतं, हे आपल्याच महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी दाखवलं आणि कितीतरी जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सर्पदंशाचं तिसरंच. नुसत्या साप चावण्यावर अ‍ॅड्रेनलिनचा उपयोग नाही, पण घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या प्रतिविषाचीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ते देताना डॉक्टर अ‍ॅड्रेनलिन जवळ भरून ठेवतात. हा फरक ज्याला कळतो, त्याच्याच हाती औषध हवं.

दुसरा प्रश्न आमच्या उन्हाचा. हे औषध उष्णतेनं आणि उजेडानं खराब होतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेली कुपी किती टिकेल? औषध तपकिरी, गुलाबीसर दिसू लागलं तर ते टाकून द्यायचं. तारीख पाहायची, वेळेवर बदलायचं. ही जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लागतेच.

म्हणून मला वाटतं, परदेशातला कायदा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. हजारो रुपयांची पेनं प्रत्येक शाळेत ठेवा म्हणणं म्हणजे न होणाऱ्या गोष्टीची मागणी करणं. आपली सुरुवात सिस्टरच्या पेटीपासून व्हायला हवी. तिला हे काम शिकवलेलं आहे, औषध सरकारनंच दिलेलं आहे. फक्त लस हा शब्द ओलांडायचा आहे. कोणत्याही कारणानं अ‍ॅनाफिलॅक्सिसची लक्षणं दिसली, तर आरोग्यसेविकेनं एक डोस द्यावा आणि चांगल्या हेतूनं दिला असेल तर तिला संरक्षण राहील, एवढा लेखी आदेश लागतो. उपकेंद्राची एक पेटी कायम गावातच राहावी, सिस्टर दुसऱ्या गावाला गेली तरी. आणि मग टप्प्याटप्प्यानं आशाताई, शाळेतल्या एक-दोन शिक्षिका, मोठ्या कारखान्यातला प्रथमोपचार करणारा माणूस यांना प्रशिक्षण देता येईल. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला येतंच. तेव्हा "याआधी कशानं अंगभर पित्त उठलं होतं का?" हा एक प्रश्न आईला विचारून कार्डावर लिहिला, तर त्याला कितीसा वेळ लागणार?

हे लक्षात ठेवा

- पुरळासोबत श्वास लागणं, आवाज बसणं, ओठ-जीभ सुजणं, वारंवार उलट्या किंवा चक्कर यातलं काहीही असेल, तर ते साधं पित्त नाही. घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

- लगेच १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे आणि गाडीत डॉक्टर असतात. फोनवर "मधमाशी चावली" एवढंच सांगू नका, "श्वास लागतोय, रिअ‍ॅक्शन आहे" असं सांगा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा.

- माणसाला आडवं ठेवा, पाय उंच करा. श्वास फारच लागत असेल तर टेकवून बसवा, पण चालवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

- मधमाशीचा काटा कातडीत राहिला असेल तर नखानं खरवडून लगेच काढा.

- बरं वाटलं म्हणून दवाखान्यातून लगेच घरी येऊ नका. काही तासांनी रिअ‍ॅक्शन परत उलटू शकते.

- एकदा असं झालेल्या माणसाजवळ कशाची अ‍ॅलर्जी आहे ते लिहिलेला कागद कायम हवा. त्याच्यासाठी घरी औषध ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारा आणि टोचायचं कसं ते त्यांच्यासमोरच शिका.

- पाकिटातल्या खाण्यावर अंडी, दूध, शेंगदाणे, सोयाबीन, मासे यांसारख्या अ‍ॅलर्जी देणाऱ्या पदार्थांची नोंद करणं २०२० च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. ती वाचायची सवय लावा.

विषय क्रमांक एक

मुंबई-दिल्लीत कायदा कधी होईल तो होवो. गावात मात्र आपल्या हातात एक जागा आहे. आपल्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती होते, हे आपण सगळ्याच जाणतो. पण तिथे झालेला ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि ग्रामसभेचा ठराव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते, गावाची आरोग्य, पोषण समिती असते. तिथे आपल्याच बायका सदस्य असतात.

त्या वहिनीच्या गावात बायकांनी हे करायचं ठरवलंय. अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला. त्यात तीनच गोष्टी आहेत. उपकेंद्रात अ‍ॅड्रेनलिनची पेटी रोज असावी आणि तिची तारीख दर महिन्याला तपासली जावी. लसीशिवाय इतर कारणानं रिअ‍ॅक्शन आली, तर सिस्टरनं काय करायचं, याचा लेखी आदेश वरून मागवावा. आणि उपकेंद्राला कुलूप असेल त्या दिवशी सिस्टर कुठे आहे आणि तिचा फोन नंबर काय, हे दारावर खडूनं लिहिलेलं असावं.

अर्जावर पहिला अंगठा सासूबाईंनी उठवला. दुसरी सही सिस्टरची आहे.